याकोबची चाल

पारोळ्याच्या पेठेत, भांड्यांच्या दुकानावर
वडिलांच्या बँडची पाटी अजून आहे :
न्यू प्रभात ब्रास बँड, प्रो. सुपडू शिरसाठ.
खाली पाच आकडी फोन, कधीच बंद झालेला.

मिशनचा बंगला मोडला तेव्हा लिलावात
सव्वाशे रुपयांना त्यांनी पायपेटी घेतली.
भाता फाटका, चौदा सूर मुके.
पेटीच्या पोटात कागदांचं पुडकं निघालं.
आई म्हणाली, चुलीला होतील.
वडील म्हणाले, थांब,
या काड्यांना डोकी आहेत.

धुळ्याच्या पोलीस बँडातल्या एका हवालदारानं
कामापुरती ती लिपी त्यांना शिकवली होती.
नाव मात्र वाचता येईना.
ते वाचलं नवापूरच्या दवाखान्यातल्या
म्हाताऱ्या सिस्टरनं, चष्मा कपाळावर ढकलून.
ती त्याच मुलखाची निघाली.

याकोब एगेनश्विलर.
जन्म सतराशे एकतीस, डोंगरातल्या गावी.
बाप विणकर, हाही विणकर.
देवळात बाजा वाजवायला बंदी,
देवापुढे फक्त शब्द चालतील, असा तिथला कायदा.
मग लोकांनी घरांच्या माळ्यांवर,
वाळल्या गवताच्या भाऱ्यांशेजारी,
चोरून नाही, पण आवाज न करता म्हणावं तसे,
लाकडी ऑर्गन बसवले.
शनिवारी माग थांबला की
हा माळ्यामाळ्यांवर वाजवत फिरायचा.
भाता हलवायला बहीण. तिचं नाव कुठे नाही.

अकरा तुकडे लिहिले, सगळे हिशेबाच्या पाठकोऱ्यावर.
पुढे : सूत किती दिलं, कापड किती आलं, बाकी कोणाकडे.
मागे : हे.
छापलं काहीच नाही. सात हरवले.
मेला त्या दिवशी वहीत एक ओळ :
विणकर. गात असे.

सूत कुठल्या कापसाचं? वडिलांनी विचारलं.
सिस्टरला माहीत नव्हतं.
आपला कापूस तेव्हा सुरतेला जायचा, ते म्हणाले,
पुढचं कोण सांगणार?
आणि सायकलवर टांग मारली.

चाल संथ होती. वडिलांनी लय दुप्पट केली,
खाली ढोल घातला, वर क्लॅरिनेट,
आणि एरंडोलच्या एका वरातीत, मे महिन्यात,
रीड वाळू नये म्हणून लोट्यातल्या पाण्यात बुडवत बुडवत
पहिल्यांदा वाजवली.
नवरदेवाचे मामे नाचले. जनरेटरवालाही नाचला.
कोणीतरी ओरडलं, "हाई गाणं कोनं शे, मास्तर?"
"याकोबनं शे."
"कोनता पिक्चरमा?"
"आजून येवाना शे."

शेवटचं पान नव्हतंच.
पाचव्या पानाच्या टोकाला सूर चढतो
आणि शिडी काढून घेतल्यासारखा वरच राहतो.
वडिलांनी दोन-तीन शेवट बेतून पाहिले,
एक तर मला पाठ आहे, भिकार आहे.
मग नाद सोडला.
वरातीला शेवट लागतो कुठे?
मांडवापाशी घोडा थांबतो, एखादा काका हात वर करतो,
बँड असेल तिथे तुटतो.
एकतीस वर्षं ती चाल अशीच तुटत राहिली,
चोपडा, धरणगाव, अमळनेर,
दर वेळी वेगळ्या जागी.

ते गेले. क्लॅरिनेट पुतण्याकडे आहे,
तो कीबोर्ड वाजवतो.
मी वीज मंडळात, बिलं दुरुस्त करतो.
सिस्टरच्या गावी चारही तुकड्यांच्या झेरॉक्स पाठवल्या,
तिकडून सुंदर अक्षरात पत्र आलं :
आभार. पाचवं पान मिळालं. सहावं तुमच्याकडे आहे का?
उत्तर द्यायचं राहिलंय.

रविवारी दुपारी, शेहेचाळीस अंशांत,
गच्चीच्या दाराशी ओलं पोतं टांगून
मी ती पायपेटी वाजवतो, त्याच्या मूळ लयीत.
अकरा सूर दुरुस्त झाले, तीन अजून मुके,
त्यातला एक याकोबला फार लागतो.
तिथे नुसता वारा निघतो,
आणि खाली दुकानात
कोणी बाई पातेलं उलटं धरून
नखानं वाजवून बघते.